गजभिये सरांचं पुढचं वर्ष

सिंगापूरच्या टोकाला, तुआसच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची तिसरी खिडकी गजभिये सरांची होती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी तिथे खुशाल जाऊन बसले. मी राहायचे त्या हौगांगमधल्याच पुढच्या स्टॉपवर एक उंच, सावळे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ चढले. इस्त्रीचा फुल शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि या सगळ्याशी काही संबंध नसलेली एक विटकी टोपी डोक्यावर. ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, आता तुम्ही फोनवर मराठी बोलून राहिल्या होत्या नं, म्हणून विचारतो. ही सीट मला द्याल का? आपण दोन रनांनी मागे आहो."

मी पुण्याची. बसलेली जागा कारण कळल्याशिवाय सोडत नाही. "आपण म्हणजे कोण?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. हिरव्यागार मैदानावर विजारी घातलेली काही दणकट माणसं च्युइंगम चघळत उभी होती आणि मधूनमधून थुंकत होती. हे बेसबॉल होतं. सिंगापूरमध्ये सकाळी सातच्या आधी, नागपूरकडच्या मराठीत, कोणी आपल्याला बेसबॉलसाठी उठवेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या आश्चर्यातच मी उठले.

टीम तरीही हरली. तुआसच्या गेटवर उतरताना सर माझ्यासाठी थांबले आणि अगदी मनापासून म्हणाले, "माझंच चुकलं, मॅडम. बसलेल्या माणसाला उठवून कोणी जिंकतं का? उद्या पाहा."

"माझंच चुकलं" आणि "उद्या पाहा". पुढची कितीतरी वर्षं मी ही दोन वाक्यं ऐकणार होते.

मिलिंद गजभिये आमच्याकडे टेस्टिंगचे मुख्य होते. आमची कंपनी जहाजांसाठी व्हॉल्व्ह बनवायची आणि सरांच्या सहीशिवाय एकही व्हॉल्व्ह गेटबाहेर जात नसे. त्याआधी ते काही वर्षं अमेरिकेत होते, कारखान्यांच्या एका मळकट शहरात, आणि तिथून येताना त्यांनी त्या शहराची टीम बरोबर आणली होती. तिकडे संध्याकाळ झाली की इकडे आपली सकाळ. त्यामुळे लोक बसमध्ये मान टाकून झोपत तेव्हा सर कानात वायर घालून मॅच पाहत. त्या टीमचं नाव ते क्वचितच घेत. ती "आपली". आणि शेजारच्या मोठ्या, श्रीमंत शहराची जी टीम आपल्याला वर्षानुवर्षं धूळ चारत आली होती, तिचं नाव तर कधीच नाही. ते "ते".

एका रविवारी त्यांनी मला हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, बसवून बेसबॉल शिकवला. कोपीचे, इथल्या दाट कॉफीचे, चार कप चार कोपऱ्यांवर ठेवले, ते बेस; दात कोरायच्या काड्यांची माणसं केली. मी क्रिकेटवर वाढलेली. चेंडू पार स्टेडियमबाहेर गेला तरी पळायचं आणि बॅट मात्र टाकून द्यायची, हे मला पटेना. सर शांतपणे म्हणाले, "ते राहू द्या. एकच गोष्ट लक्षात ठेवा. यात घड्याळ नाही, ओव्हर नाही. शेवटचा माणूस बाद होईपर्यंत मॅच संपत नाही. दहा रनांनी मागे असलात तरी वेळ संपला असं कोणी म्हणू शकत नाही."

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आतलं अस्तर बाहेर येईल अशी पूर्ण उलटी केली आणि पुन्हा घातली. आपण मागे असलो आणि शेवटच्या इनिंग उरल्या असल्या की तिकडे सगळं स्टेडियम असंच करतं, म्हणाले. शिवण, धागे, घामाचे डाग, सगळं दिसत होतं. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजी त्यांच्याकडे बघून हसल्या आणि सरांनीही त्यांना टोपीला हात लावून नमस्कार केला.

"याने टीम जिंकते?" मी विचारलं.

"छे. असं कुठे असतं?"

"मग?"

"घालून ठेवायला काय जातं, मॅडम."

गंमत अशी की या माणसाचा कसल्याही देवधर्मावर, मुहूर्तावर काडीचा विश्वास नव्हता. वडिलांनी घरातून अंगारे-धुपारे हद्दपार केले, ते सरांनी आयुष्यभर पाळलं. हॉलमध्ये एक बुद्धमूर्ती, तिच्यापुढे फूल, बस. माझ्या फ्लॅटची किल्ली मिळाली तेव्हा मी आईच्या आग्रहाने मुहूर्त बघत तीन आठवडे थांबले, तर सर हसून म्हणाले, "मॅडम, भाडं दोन्हीकडचं भरून राहिल्या नं? ग्रह भरून राहिले का?" मी दोन्ही भाडी भरली. पण आदल्या दिवशी टीम हरण्याचं कारण हेच सर मला गंभीर चेहऱ्याने सांगत: "सातवी इनिंग चालू होती आणि मी दाढी करायला गेलो. माझंच चुकलं." कधी बसमध्ये डुलकी लागली म्हणून, कधी बायकोशी बोलताना फोन उपडा ठेवला म्हणून. टीमकडे बोट दाखवायचं नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात आज गरम नव्हता, बॅटर नवा होता, पंचाला ऊन लागलं होतं, आणि चूक सरांची.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तुमची टीम म्हणजे आमचा गणपती झाला. दर वेळी आपलं, पुढच्या वर्षी."

"आमच्याकडे गणपती नाही, मॅडम," ते म्हणाले. "पण पुढचं वर्ष आहे."

खरं सांगायचं तर त्यांच्या या आशेचा मला राग यायचा. कामावरही तेच. एखादी ऑर्डर फसली की मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बोटं दाखवायच्या तयारीत बसलेले असत आणि सर सुरुवातीलाच म्हणत, "माझंच चुकलं, आता पुढे पाहू." भांडणातली हवाच निघून जाई. ही त्यांची हुशारी आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. चूक स्वतःच उचलली की कोणी आणखी काय बोलणार? जो माणूस रोज क्षमा मागतो त्याला कशाचंच फारसं वाटत नसणार, असा माझा हिशोब होता, आणि तो साफ चुकीचा निघाला.

त्यांचं घर माझ्या ब्लॉकपासून हाकेच्या अंतरावर होतं. त्यांच्या पत्नी, वैशालीताई, नागपूरचे तर्री पोहे असे करत की दुपारपर्यंत जीभ चुरचुरावी. दाराजवळ दोन खिळे होते. एकावर सरांची टोपी, आणि दुसऱ्यावर तशीच, पण लहान मुलाच्या मापाची. ती त्यांच्या मुलीची, प्रज्ञाची. प्रज्ञा तेव्हा इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती. चुणचुणीत, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, मला "हाय आंटी" म्हणून दोन मिनिटं छान बोलणारी. पण हॉलमध्ये मॅच लागलेली असली की ती टीव्हीकडे न बघता सरळ आपल्या खोलीत जायची. सर हाक मारत, "प्रज्ञा, बेस भरले आहेत, ये नं." आतून उत्तर यायचं, "स्टडीइंग, पप्पा." दार हळूच लागायचं. सर टीव्हीकडे पाहत बसत, पण मला वाटायचं त्यांचे कान त्या दाराशी आहेत.

पुढे प्रज्ञाला अमेरिकेत नोकरी लागली. आणि नेमकी कुठे, तर त्या शेजारच्या मोठ्या शहरात, "त्यांच्या" गावात. ही बातमी मला बसमध्येच कळली आणि मी लगेच फिरकी घेतली, "सर, पोरगी शत्रूच्या गोटात गेली की."

ते हसले नाहीत. फोन बंद करून त्यांनी खिशात ठेवला. मॅच चालू असताना मी त्यांना फोन खिशात ठेवताना प्रथमच पाहिलं.

एक्स्प्रेसवेवर पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता आणि बस जागची हलत नव्हती. सर खिडकीबाहेर बघत बोलू लागले.

"आम्ही तिकडून निघालो तेव्हा ती नऊ वर्षांची होती. इथे मोठी पोस्ट मिळून राहिली होती. तिकडेही राहता आलं असतं, थोडं कमी पगारात. पण मला पोस्ट पाहिजे होती. सामान सगळं गेलं आणि ही रिकाम्या घरात जमिनीवर पालथी पडून राहिली. उठेच ना. तिच्या मैत्रिणी, शाळा, टीम, सगळं तिथे. विमानाची वेळ होऊन राहिली. मग मी म्हटलं, प्रज्ञा, ज्या वर्षी आपण त्यांना हरवू, त्या वर्षी परत येऊ. प्रॉमिस. तेव्हा उठली."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोर उठावी म्हणून बोललो, मॅडम. पण तिनं ते धरून ठेवलं. इथे आल्यावर रोज सकाळी शाळेच्या आधी माझ्याजवळ येऊन बसायची. टोपी घालून. हरलो की मला म्हणायची, 'पप्पा, टुमॉरो.' मला आपलं बरं वाटायचं. आपण दर वर्षी त्यांच्याकडून हरतच होतो, मग काय बिघडलं?

"ती बारा वर्षांची असताना आपण एकदम चांगलं खेळून राहिलो. शेवटची मॅच त्यांच्याशीच. जिंकलो असतो तर झालंच. आणि इकडे आमचा हौगांगचा फ्लॅट झाला होता. किल्ल्या हातात होत्या. पीआर, इथे कायम राहायचा परवाना, झाला होता. मी पोरीजवळ सोफ्यावर बसलो होतो, टोपी उलटी करून, आणि माझ्या मनात काय चालू होतं सांगू? हरा. हरा रे बाबांनो. जिंकू नका."

मी त्यांच्या मांडीवरच्या टोपीकडे पाहिलं.

"हरले. शेवटच्या चेंडूवर. आणि मला हायसं वाटलं. एवढंसंच, एक क्षण. पण त्याच क्षणी तिनं रडत माझ्याकडे पाहिलं. मी तोंड बदललं, पण तिनं पाहिलं होतं. तिचं रडणंच थांबलं. म्हणाली, 'यू आर हॅपी, पप्पा.' उठली, टोपी खिळ्याला लावली. त्या दिवसापासून माझ्या शेजारी बसून तिनं एकही मॅच पाहिली नाही."

बस हलली. मागून कोणीतरी सुटकेचा आवाज काढला.

मी समजुतीचं काहीतरी बोलले. मुलं विसरतात, आईबापांना असे निर्णय घ्यावेच लागतात, वगैरे. सरांनी मान हलवली. "ती विसरली असेल तर चांगलंच आहे. पण मी कसा विसरू? टीमनं जीव काढून खेळायचं आणि आपण घरात बसून हरा म्हणायचं. पोरीनं विश्वासानं पाहायचं आणि आपलं तोंड असं. मग आता कोण हरलं तरी माझंच चुकलं म्हणतो. दुसरं काय म्हणणार?"

"तिच्याशी बोललात कधी?"

"काय बोलू? तू पाहिलंस ते बरोबर होतं, असं सांगू?" मग ते म्हणाले, "एकदा माझ्या शेजारी बसून तिनं पूर्ण मॅच पाहावी. बस, एवढंच पाहिजे. जिंको नाहीतर हरो."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला आशावाद समजून चिडत होते, तो एका बापाचा पश्चात्ताप होता. टीम कधीच जिंकणार नाही असं ते म्हणूच शकत नव्हते. ते म्हणणं म्हणजे मुलीला दिलेला शब्द पहिल्यापासूनच खोटा होता हे कबूल करणं. मी केलेले सगळे विनोद मला त्या दिवशी एकेक करून आठवले आणि फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मीही फोनवर स्कोअर बघू लागले. सरांना सांगितलं नाही.

गेल्या वर्षी पुन्हा तसा योग आला. आपण चांगलं खेळलो, आणि शेवटी समोर तेच. निर्णायक मॅच त्यांच्या गावात, आपल्याकडे रविवारची सकाळ. सरांनी मला बोलावलं आणि कुठे बसायचं ती खुर्चीही ठरवून दिली. वैशालीताईंनी पोह्यांची परात आणून ठेवली. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "प्रज्ञा स्टेडियममध्ये गेली आहे म्हणे, ऑफिसच्या लोकांबरोबर. यांना सांगितलं मी. पण कोणाच्या बाजूने गेली ते मला विचारवलं नाही, आणि हेही विचारून नाही राहिले."

सर सोफ्याच्या एका टोकाला बसले. दुसरं टोक रिकामं ठेवलं होतं, तिथे पोह्यांची बशीसुद्धा ठेवू दिली नाही.

आठव्या इनिंगपर्यंत आपण एका रनाने मागे होतो. सरांनी टोपी उलटी केली. वैशालीताईंनी हसत आपली ओढणी उलटी घेतली. मी उन्हाची टोपी आणली होती, ती मीही उलटी करून घातली, आणि पुण्यातलं कोणी आपल्याला बघत नाही याचं मला समाधान वाटलं. मग सर उठले, दाराशी गेले, खिळ्यावरची ती लहान टोपी काढली, तिचं अस्तर बाहेर काढलं आणि पुन्हा जागच्या जागी लावली.

नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये बेस भरले. एक बरा फटका बसला असता तरी पुरे होतं. चेंडू उंच उडाला, सर अर्धवट उठले, आणि कुंपणाला पाठ लावून उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाने तो आरामात झेलला. आपला शेवटचा माणूस बाद झाला होता.

मला वाटलं आता ते म्हणतील, माझंच चुकलं. ते म्हणाले नाहीत. सोफ्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि रडू लागले. साठीला आलेला माणूस, आवाज न करता. वैशालीताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वैशालीताईंचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पलीकडे कान फाटतील एवढा गोंगाट, "त्यांच्या" टीमच्या रंगाचे कपडे घातलेली माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध प्रज्ञा उभी होती. तिच्या डोक्यावर आपल्या टीमची टोपी होती. उलटी. शिवण, धागे, सगळं दिसत होतं.

"आई, पप्पांना दे."

सर चेहरा पुसायला गेले, पण वैशालीताईंनी ते होऊच दिलं नाही. फोन तसाच त्यांच्या समोर धरला. प्रज्ञा बराच वेळ नुसती बघत राहिली. मागे लोक गात होते.

"पप्पा, आर यू हॅपी?"

"नाही गं," सर म्हणाले. "अजिबात नाही."

"आय कॅन सी." तिने फोन आणखी जवळ धरला. "मी पण नाही."

मग सर म्हणाले, "माझंच चुकलं, प्रज्ञा."

ते मॅचबद्दल बोलत नव्हते, हे त्या खोलीत मला कळलं, वैशालीताईंना कळलं, आणि तिकडे त्या कोलाहलात तिलाही कळलं. तिने डोळे पुसले.

"आय नो, पप्पा," ती म्हणाली. ती "नाही" म्हणाली नाही, "जाऊ दे" म्हणाली नाही. मग म्हणाली, "नेक्स्ट इयर तू इथे ये. माझ्या बाजूला बस. टीव्हीवर नको, लाह." सिंगापूरचं ते "लाह" तिच्या तोंडून अजून गेलं नव्हतं.

या वर्षी सर रिटायर झाले आणि मॅचेस सुरू होताच तिकडे गेले. चांगी विमानतळावर मी सोडायला गेले होते. सुरक्षा तपासणीत टोपी काढायला लावली, ती त्यांनी ट्रेमध्ये अलगद ठेवली, पलीकडे गेल्यावर उचलली आणि तिथेच उलटी करून घातली. अजून मॅचला दोन दिवस होते.

त्यानंतर बसमधली तिसरी खिडकी कोणी घेतली नाही. त्या मॅचच्या सकाळी मात्र मला वाटलं, निदान खिडकी तरी भरलेली असावी, म्हणून मी तिथे जाऊन बसले आणि स्कोअर लावला. आपण सुरुवातीपासून मागेच होतो आणि तुआसच्या गेटवर पोहोचेपर्यंत हरलोसुद्धा. मी उतरले, बाजूला उभी राहिले, आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत सरांना लिहून पाठवलं: "सर, माझंच चुकलं. आज मी तुमच्या सीटवर बसले."

उत्तरात आधी फोटो आला. स्टेडियमच्या खुर्च्यांवर बापलेक शेजारी शेजारी, दोघांच्या टोप्या उलट्या, दोघांचे चेहरे सारखेच पडलेले. मागे सगळे जिंकलेले लोक हात वर करून नाचत होते आणि या दोघांचं तिकडे लक्षच नव्हतं.

खाली सरांनी लिहिलं होतं: "सीट सोडू नका, मॅडम. उद्या पाहा."